लुबाविचच्या रेब्बेंची पत्रं: एकाला दिलेलं उत्तर सगळ्यांचं होतं का?

जुनी वही

हसिदी ज्यूंच्या खबाद-लुबाविच शाखेचे सातवे रेब्बे (पंथाचे गुरू) मेनाखेम मेंडेल श्नीरसन (१९०२–१९९४) यांची पत्रं सध्या वाचतोय. मला हिब्रू-यिडिश येत नाही, त्यामुळे मुळात इंग्रजीत लिहिलेली आणि नंतर इंग्रजीत आणलेली, एवढीच. कुलाब्याचं नरिमन हाऊस ज्यांचं, तीच ही मंडळी. आपल्या पेपरांत ‘छबाड हाऊस’ छापून येतं ते. पण धागा २६/११ बद्दल नाही, कृपया तिकडे नेऊ नका.

हसिदी पंथ अठराव्या शतकात पूर्व युरोपात, आजच्या युक्रेन-बेलारूसच्या पट्ट्यात रुजला. त्यातला रेब्बे नुसता पोथी सांगणारा पंडित नसतो. मुलीचं लग्न, दुकानाची जागा, पोटातलं दुखणं, प्रार्थनेत मन न लागणं, सगळं त्याच्या कानावर घालायचं. समोर जाता आलं तर उत्तमच, नाही तर चिठ्ठी पाठवायची. श्नीरसनांचे सासरे, म्हणजे सहावे रेब्बे, जानेवारी १९५० मध्ये वारले. हे वर्षभर ‘नको’ म्हणत राहिले आणि १९५१ साली गादीवर बसले. मग ब्रुकलिनमधल्या ७७०, ईस्टर्न पार्कवे या पत्त्यावर जगभरचं टपाल येऊ लागलं. हिब्रू, यिडिश, इंग्रजी, रशियन. इंग्रजी पत्रव्यवहार निसन मिंडेल हे सचिव सांभाळत.

‘इग्रोत कोदेश’ या नावाने ही पत्रं १९८७ पासून पुस्तकरूपात येऊ लागली आणि आता तीसहून जास्त खंड झालेत. छापताना पत्र कुणाला लिहिलं त्याचं नाव बहुतेक ठिकाणी गाळलेलं आहे. मूळ प्रश्नही नाही, फक्त उत्तर. त्यामुळे शेजारच्या खोलीत कुणी फोनवर बोलतंय आणि आपल्याला एकच बाजू ऐकू येतेय, असं सारखं होतं. समोरच्याने काय विचारलं असेल हे ताडत बसायचं.

पत्राचा साचा ठरलेला. हिब्रू पंचांगाची तारीख, तुमचं अमुक दिवशीचं पत्र पोचलं, की लगेच मुद्दा. शेवटी जवळ आलेल्या सणावरून चार शब्द आणि ‘आशीर्वादासह’. गोड बोलणं कमी. खचलेल्या माणसाला लिहिताना तीनच गोष्टी फिरून फिरून येतात: स्वतःच्या मनाची उलटतपासणी घेत बसू नका, अभ्यासाची रोजची वेळ बांधून घ्या, आणि दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडायला लागा. तब्येतीचा प्रश्न असला की ‘मित्र असलेल्या डॉक्टरला’ विचारा. दोन डॉक्टरांचं पटत नसेल तर तिसऱ्याकडे जा आणि बहुमत धरा. धंद्याचं असेल तर ‘जाणत्या मित्रांचा’ सल्ला घ्या.

पुढे पुढे उत्तरं आखूड झाली. विचारणाऱ्याचाच कागद परत यायचा. त्यातल्या एखाद्या शब्दाखाली रेघ किंवा शब्दाभोवती गोल, दोन पर्यायांपैकी एकावर काट, आणि समासात ‘कबरीपाशी आठवण करीन’ अशा अर्थाचे दोन-तीन शब्द. ही कबर सासऱ्यांची. पोती भरून पत्रं घेऊन ते तिथे जात आणि तासन्‌तास उभं राहून वाचत.

आता माझा मुद्दा. १९९४ मध्ये ते गेले. गादीवर दुसरं कुणी बसलं नाही. त्यानंतर अनुयायांत एक प्रथा बळावली: आपला प्रश्न लिहायचा, ती चिठ्ठी इग्रोत कोदेशच्या कुठल्या तरी खंडात कुठेही खुपसायची आणि जे पान उघडेल ते आपलं उत्तर मानायचं. खबादच्या रब्बींमध्येच (धर्मगुरूंमध्येच) यावर दोन तट आहेत. मला ही प्रथा त्या पत्रांच्या स्वभावाच्याच विरुद्ध वाटते. १९५० च्या दशकात कुणा एकाला ‘जागा बदलू नका’ लिहिलं, ते त्याची बायको, त्याचं गाव आणि त्याची नोकरी बघून लिहिलं होतं. ते वाक्य आज दुसऱ्याने उचलायचं कोणत्या आधारावर? तुम्हाला काय वाटतं?

---

मुलुंडकर

वाचतोय. एखादं पत्र जरा सविस्तर सांगाल का? ‘अभ्यास करा, डॉक्टरकडे जा’ एवढं तर आमची आजीही सांगायची.

---

जुनी वही

@मुलुंडकर, दोन सांगतो.

पहिलं एरियल शेरॉनला. १९६७ च्या युद्धातून हा इस्रायली सेनापती नाव कमावून परतला आणि काही महिन्यांतच, ज्यू नववर्षाच्या तोंडावर, त्याचा अकरा वर्षांचा मुलगा गुर घरी बंदुकीशी खेळताना गोळी लागून गेला. ज्यूंकडे सुतकातल्या माणसाला भेटल्यावर म्हणायचं एक ठरलेलं वाक्य आहे: ‘झायन आणि जेरुसलेमचा शोक करणाऱ्या इतरांसोबत देव तुमचंही सांत्वन करो.’ आपण ‘ईश्वर मृतात्म्यास शांती देवो’ म्हणून मोकळे होतो, तसं तेही तोंडपाठ. रेब्बे त्या वाक्यालाच हात घालतात. एका बापाच्या दुःखात दोन हजार वर्षांपूर्वी पडलेलं शहर कशाला आणायचं?

त्यांचं उत्तर असं. जेरुसलेम ज्याने डोळ्यांनी पाहिलंही नाही त्यालाही त्या शहराच्या नाशाचं दुःख आपलंच वाटतं, तसं तुझं दुःखही तुझ्या एकट्याचं नाही. ते शहर जसं पुन्हा उभं राहणार, तशी गेलेल्याची भेटही होणार. आणि शत्रूने जेरुसलेमच्या मंदिराचा दगड, लाकूड, सोनं-चांदी नेलं, पण प्रत्येकाच्या मनातलं मंदिर त्याच्या हाती लागलं नाही. मृत्यूचा हातही शरीरापर्यंतच पोचतो. श्रद्धेचं काय ते ज्याचं त्याने ठरवावं. पण लष्करी माणसाला लिहिताना शहर, वेढा आणि नाश याच भाषेत लिहिलंय, हे पाहा.

दुसरं एली विझेलला, एप्रिल १९६५. आउशवित्झमधून वाचलेला हा लेखक. त्याचा प्रश्न काय असणार ते उघड आहे. रेब्बे म्हणतात, ‘सगळ्या पृथ्वीचा न्यायाधीश न्याय करणार नाही का?’ हा अब्राहमचा सवाल खरा कधी होतो, तर न्यायाधीश आहे असं मानलं तरच. न मानणाऱ्याला तक्रार करायला जागाच नाही. बराच वेळ हा तात्त्विक भाग चालतो. मग गाडी एकदम वळते: नुसतं आठवत राहणं पुरेसं नाही, हिटलरला जे संपवायचं होतं ते वाढव, लग्न कर, घर उभं कर! विझेलने १९६९ मध्ये लग्न केलं. पत्रामुळेच केलं असं मी म्हणत नाही.

---

तर्ककर्कश

धागा चांगला आहे, पण थोडं थंड पाणी ओततो.

१. पत्रं छापली कुणी? भक्तांनी. कोणती ठेवली, कोणती गाळली, हे आपल्याला कळणार नाही.
२. ‘डॉक्टरला विचारा, मित्रांना विचारा’ यात अध्यात्म कुठे आहे? बरं झालं तर रेब्बेंचा आशीर्वाद, नाही झालं तर डॉक्टर चुकला. हे गणित आपल्याकडच्या प्रत्येक बाबाने सोडवून दाखवलंय.
३. आणि कॉलेजला जाऊ नका म्हणून तरुणांना लिहिलेली पत्रं? स्वतः बर्लिनला शिकले, पॅरिसला इंजिनिअरिंग केलं, ब्रुकलिनच्या नौदल गोदीत काम केलं, आणि दुसऱ्याच्या पोराला म्हणायचं येशिव्यातच, म्हणजे धार्मिक पाठशाळेतच, बस. त्याबद्दल एक ओळ नाही लिहिलीत.

---

जुनी वही

तिसरा मुद्दा मान्य, तो लेखात यायला हवा होता इतका महत्त्वाचा आहे. विद्यापीठाच्या वातावरणात श्रद्धा टिकत नाही, हे त्यांचं ठाम मत होतं आणि मला ते पटत नाही. मात्र जो आधीच शास्त्रज्ञ झालाय त्याला ‘सोड’ असं त्यांनी सांगितलेलं नाही. हर्मन ब्रानोव्हर हा मॅग्नेटोहायड्रोडायनॅमिक्सवाला, सोव्हिएत रीगामधून १९७२ मध्ये इस्रायलला आला. त्याला संशोधन चालू ठेवायलाच सांगितलं. म्हणजे एकाला ‘जाऊ नकोस’ आणि दुसऱ्याला ‘सोडू नकोस’. दोन्ही पत्रं एकाच खंडात आली आणि चिठ्ठी खुपसणाऱ्या पोराच्या हाती चुकीचं पान लागलं तर? मी तेच म्हणतोय.

---

कडूकाढा

मी डॉक्टर आहे, त्यामुळे दुसऱ्या मुद्द्यापुरतं लिहिते. ‘डॉक्टरला विचारा’ हे धर्मगुरूने लिहून देणं ही फार मोठी गोष्ट आहे. १९५० च्या दशकात पोलिओची लस नवीन होती. १९५५ साली अमेरिकेत एका कंपनीच्या लसीत जिवंत विषाणू राहिला आणि मुलं पांगळी झाली, काही दगावली. त्यानंतर लोक घाबरून रेब्बेंना विचारत होते, टोचायची का? त्यांचं लेखी उत्तर: बहुतेक लोक करतात तसं करा, टोचून घ्या, आणि ज्या उत्पादकाची लस अनुभवाने सुरक्षित ठरली आहे तीच घ्या. यात चमत्कार काही नाही, हे मान्य. पण त्या माणसाच्या शब्दावर हजारो आया थांबल्या असत्या, किंवा निघाल्या असत्या. ‘निघा’ म्हणाले.

पान उघडून उत्तर काढण्याबद्दल धागाकर्त्याशी सहमत. शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरची औषधं घेणारे पेशंट मी रोज बघते.

---

बेने_कोकण

मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातला ज्यू, मूळ अलिबागकडचा, आता ठाण्यात. आमच्यात हसिदी परंपरा कधीच नव्हती. आमचं सगळं एलियाहू हन्नबी (संदेष्टा एलिया), मलिद्याचं ताट आणि शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस). रेब्बे वगैरे शब्द आमच्या आजोबांच्या कानावरूनही गेला नसेल. कुलाब्यात खबादचं जोडपं येऊन राहिलं तेव्हा आमच्यातल्या बऱ्याच जणांची त्यांच्याशी पहिली ओळख झाली. आजही काही जण जातात, काही जात नाहीत. गॅव्ह्रिएल आणि रिव्का होल्ट्झबर्ग यांच्याबद्दल मात्र वाईट बोलणारा मला आजवर भेटलेला नाही.

एका गोष्टीवर लिहायचंय. या पत्रांत वारंवार येणारा सल्ला म्हणजे ‘मेझुझा तपासून घ्या’. मेझुझा म्हणजे दाराच्या चौकटीवर लावायची, चर्मपत्रावर हाताने लिहिलेली वचनं. आमच्याही दारावर असते, आत-बाहेर करताना हात लावून ओठांना लावतो. त्यातलं एक अक्षर पुसलं किंवा तडकलं तरी ती बाद. घरात आजारपण आलं, धंदा बसला, की रेब्बे लिहिणार: मेझुझा आणि तेफिलिन (प्रार्थनेच्या वेळी अंगावर बांधायच्या, वचनं घातलेल्या चामडी डब्या) जाणकार लेखनिकाकडून तपासून घ्या. १९७४ मध्ये इस्रायलमधल्या मालोतच्या शाळेत अतिरेक्यांनी मुलं मारली, त्यानंतर तर मेझुझाची मोहीमच काढली. श्रद्धा म्हणून ठीक आहे. पण ज्याचं मूल गेलं त्याला ‘दारावरचं अक्षर पुसलं होतं’ हे ऐकवणं मला कधीच पचलं नाही. माझ्या ओळखीतल्या एका बाईंना असंच कुणीतरी ऐकवलं होतं. रेब्बेंनी नाही, त्यांची पत्रं वाचणाऱ्याने.

---

जुनी वही

@बेने_कोकण, मनापासून आभार. शेवटचं वाक्य या धाग्यात फार मोलाचं आहे. त्यांचं समर्थन करणारे म्हणतात, मेझुझा हे संरक्षण आहे, नसणं हे पाप नव्हे. सैनिकाने शिरस्त्राण घातलं नाही तर गोळी त्यामुळे येत नाही. युक्तिवाद चतुर आहे. सुतकातल्या घरी मात्र तो चालत नाही.

---

सांजवेळ

मला वाचताना सारखी चांगदेव पासष्टी आठवत होती. पत्रातून उपदेश आपल्याकडेही आहे की! कोरा कागद आला आणि उत्तरात पासष्ट ओव्या गेल्या.

---

जुनी वही

आहे खरं, पण उलट्या टोकाला. चांगदेवाने काही विचारलंच नव्हतं, आणि ज्ञानदेवांच्या उत्तरात चांगदेवाचं घर, पोट, दुकान कुठेही नाही. म्हणून ते सातशे वर्षांनी कुणीही वाचावं. इथे मेंढरं विकू का ठेवू, असले प्रश्न आहेत.

---

नदीकाठ

उशिरा आलो, पण मेंढरांवरून राहवलं नाही. या वादाला खबादच्याच घरात सव्वादोनशे वर्षं झाली आहेत आणि तो सुरू केला खुद्द संस्थापकाने.

थोडं मागून सांगतो. १७७७ मध्ये वितेब्स्कचे मेनाखेम मेंडेल हे हसिदी गुरू आपल्या मंडळींसह पवित्र भूमीत, म्हणजे आजच्या इस्रायलमध्ये, निघून गेले, पुढे तिबेरियासला राहिले. शिष्य मागे बेलारूसमध्ये. मग पत्रांनी कारभार. निधी गोळा करायला येणारे दूत जाता-येता पत्रं नेत-आणत, म्हणजे उत्तर यायला कित्येक महिने. शिष्यांना स्थानिक माणूस नको होता, गुरूच हवा होता. इतक्या लांबून जमेना, तेव्हा वितेब्स्ककरांनीच पत्रांतून श्नेउर झाल्मान (१७४५–१८१२) यांना पुढे केलं. लियादीचे रेब्बे, खबादचे पहिले, ते हेच.

यांच्याकडे मग गर्दी लोटली. इतकी की कोणी वर्षातून कधी यायचं याचे नियम करावे लागले. शेवटी १७९६ मध्ये ‘तान्या’ हे उपदेशाचं पुस्तक छापलं. प्रस्तावना मुद्दाम वाचा. त्यात ते आधी कबूल करतात की पुस्तक वाचणं म्हणजे माणसाच्या तोंडून ऐकणं नव्हे, कारण वाचणारा आपल्या कुवतीप्रमाणे वाचतो आणि प्रत्येकाला त्यात स्वतःची जागा सापडतेच असं नाही. तरीही लिहितोय, कारण एकेकाला वेगळं उत्तर द्यायला वेळ पुरत नाही, आणि तुम्ही सगळे जे विचारत आला आहात त्याची उत्तरं यात आहेत. धागाकर्त्याचा प्रश्न संस्थापकाला पहिल्याच पानावर पडलेला होता!

आणि खरी गंमत त्यांच्या पत्रांत आहे. ती त्यांच्या मृत्यूनंतर १८१४ मध्ये तान्याला जोडली गेली. त्यातलं बाविसावं पत्र म्हणजे चक्क कानउघाडणी आहे. भाव असा: ऐहिक बाबतीत काय करावं हे विद्वानांना विचारायची रीत तुम्ही कुठल्या ग्रंथात वाचलीत? तालमूद या ज्यू धर्मग्रंथातल्या थोर थोर आचार्यांनाही कुणी हे विचारलं नाही. विचारलं ते फक्त संदेष्ट्यांना, जसा बायबलमधला शौल बापाची हरवलेली गाढवं शोधताना शमुवेलाकडे गेला. मी संदेष्टा नाही, मला गाढवं विचारू नका!

लोकांनी ऐकलं? छे. सात पिढ्या गाढवंच विचारली. सातव्याने तर पोत्यांनी उत्तरं दिली.

---

मुलुंडकर

हे भारी आहे. पण मग पहिल्या रेब्बेंची पत्रं सांगतात तरी काय, गाढवं सोडून?

---

नदीकाठ

एकच सांगतो. हसिदी पंथाच्या विरोधकांच्या चुगल्यांवरून १७९८ मध्ये त्यांना पीटर्सबर्गला तुरुंगात टाकलं. त्याच वर्षी सुटले. आजही खबादवाले तो दिवस, किस्लेव महिन्याची १९ तारीख, सणासारखा पाळतात. सुटल्यावर शिष्यांना पत्र गेलं: जिंकलो म्हणून मिरवू नका, विरोधकांना टोमणे मारू नका, देवाची कृपा झाली की माणसाने आणखी लहान व्हायचं असतं. मिरवणुका निघायच्या बेतात असतील, त्या आधीच हे पत्र.

आणि बर्डिचेव्हचे लेवी यित्झाक, हे दुसरे मोठे हसिदी गुरू, त्यांचा मुलगा वारला तेव्हाचं सांत्वनपत्रही त्याच संग्रहात आहे. शेरॉनच्या पत्राशेजारी ठेवून वाचण्यासारखं. मात्र जुनं पत्र जास्त अवघड आहे, कारण वाचणारा स्वतःच महापंडित होता.

---

तर्ककर्कश

नदीकाठ, मस्त माहिती. आता आपल्या अंगणातलं एक. १९७० च्या दशकाच्या शेवटी महर्षी महेश योगींचं ट्रान्सेंडेंटल मेडिटेशन अमेरिकेतल्या ज्यू तरुणांत जोरात होतं. रेब्बेंनी डॉक्टर आणि मनोविकारतज्ज्ञांना टिपण पाठवलं: यातलं तंत्र मनाला आराम देणारं आहे, उपयोगाचं आहे, पण गुरूच्या तसबिरीपुढे फुलं, धूप आणि वाकणं ही मूर्तिपूजा, ती आम्हाला वर्ज्य. म्हणून विधी वगळून शुद्ध वैद्यकीय पद्धत तयार करा. म्हणजे आपलं ध्यान हवं, आपली पूजा नको!

---

सांजवेळ

त्यात चिडण्यासारखं काय आहे? त्यांच्या धर्मात मूर्तीपुढे वाकणं निषिद्ध आहे, ते तसं बोलणारच. उलट ‘ध्यान म्हणजे भूत’ असं न म्हणता उपयोग मान्य केला आणि काम डॉक्टरांकडे सोपवलं. आपले किती बुवा दुसऱ्या धर्मातलं काही चांगलं म्हणून डॉक्टरांना टिपण पाठवतील?

---

कडूकाढा

+१. आणि अमेरिकेतले डॉक्टर विधी वगळून ध्यान शिकवायला लागले होतेच, त्यामुळे मागणी हवेतली नव्हती.

---

क्वीन्सवासी

मी न्यू यॉर्कला क्वीन्समध्ये राहते. सहाव्या आणि सातव्या, दोन्ही रेब्बेंच्या कबरी इथल्या माँटेफियोर स्मशानभूमीत शेजारी शेजारी आहेत. वर छत नाही, चारी बाजूंनी भिंती. लगतच्या घरात टेबलं, कागद, पेनं ठेवलेली असतात. लोक बसून चिठ्ठी लिहितात, चामड्याचे जोडे काढतात, आत जाऊन चिठ्ठी हळू आवाजात वाचतात आणि फाडून कबरीसमोरच्या मोकळ्या जागेत टाकतात. तुकड्यांचा ढीग असतो. लांबच्या लोकांची पत्रं फॅक्स-ईमेलने येतात, तीही तिथे नेऊन ठेवतात. रात्री-अपरात्री सुद्धा गाड्या लागलेल्या दिसतात. ज्यू नसलेलेही येतात.

पान उघडणाऱ्यांची बाजू मांडते, कारण इथे कुणीच मांडली नाही. १९५० मध्ये सासरे गेल्यावर लोकांनी श्नीरसनांना विचारलं, आता पत्र लिहायचं कुणाला? त्यांचं म्हणणं होतं, पूर्वीसारखंच रेब्बेंना लिहा, उत्तर पोचवायचा मार्ग ते शोधतील. मग त्यांच्या अनुयायांनी त्यांच्याच बाबतीत तेच धरलं तर त्यांना वेड्यात कसं काढायचं? पान उघडून कौल घ्यायची रीतही ज्यूंमध्ये जुनी आहे. त्यातला एक प्रकार तर विल्नाचा गाओन या अठराव्या शतकातल्या थोर पंडिताच्या नावाने चालतो.

---

नदीकाठ

हो, आणि विल्नाचा गाओन म्हणजे हसिदी पंथाचा सगळ्यात कडवा विरोधक. त्याच्या नावाची रीत आता खबादवाले आपल्या रेब्बेंच्या पत्रांवर चालवतात. वर बसून दोघे काय बोलत असतील कोण जाणे!

---

जुनी वही

@क्वीन्सवासी, बाजू मांडलीत हे बरं झालं. १९५० चा दाखला वजनदार आहे. पण त्याच माणसाचं शेवटच्या वर्षांतलं बोलणंही धरायला हवं. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते जाहीरपणे सांगू लागले: प्रत्येकाने आपापला एक मार्गदर्शक धरा, जिवंत, ओळखीचा, ज्याला तुमचं घर माहीत आहे. त्याला विचारा. आजाराचं डॉक्टरला, धंद्याचं जाणत्या मित्रांना, मनाचं त्या मार्गदर्शकाला. बाविसाव्या पत्रातला वैताग नाही यात, पण वाट तीच: उत्तर तुमच्या जवळपास आहे, ब्रुकलिनला लिहू नका. पुस्तकात चिठ्ठी खुपसणाऱ्याला नेमका हा ओळखीचा माणूसच टाळायचा असतो. ओळखीचा माणूस उलट प्रश्न विचारतो ना, ‘गेल्या वेळी सांगितलेलं केलंस का?’ असा.

---

बेने_कोकण

हे पटलं. आमच्या त्या बाईंनाही शेवटी शेजारच्या मावशींनीच सावरलं. त्या ज्यूही नव्हत्या.

---

मुलुंडकर

मला एवढे खंड झेपणार नाहीत. दोन-तीन पत्रंच वाचायची तर कुठली?

---

नदीकाठ

आधी तान्याची प्रस्तावना, मग बाविसावं पत्र, मग शेरॉनचं. विझेलचं नंतर, सुट्टीच्या दिवशी, मधे कुणी हाक मारणार नाही अशा वेळी. तान्या इंग्रजीत भाषांतरित आहे, टीपांसकट आवृत्ती घ्या. टीपांशिवाय बाविसावं पत्र गाढवांपलीकडे कळायचं नाही.